सगळ्यांना एकच तास

झाडलोट आटोपली की सुधारगृहातल्या मुली राग आवरण्याच्या तासाला बसत. दहा अंक, दहा श्वास. समुपदेशन करणाऱ्या ताई मनापासून शिकवायच्या आणि त्यांची लाडकी होती ठिणगी. आईला बदडणाऱ्या बापाच्या डोक्यात हिनं तापलेली इस्त्री घातली होती. आता कुणी वेणी ओढली तरी ती डोळे मिटून श्वास मोजायची.

"बघा, किती बदलली ही!" ताई असं म्हणाल्या की मागे बसलेल्या घुमीच्या पोटात दुखायचं.

घुमीचा गुन्हाही साधासुधा नव्हता. मित्रांनी दुकान फोडलं, त्यांच्या मारानं रखवालदार मेला, आणि ही बाहेर पहारा देत उभी होती. तीही इमानेइतबारे आकडे मोजायची. पण आवरायला आधी राग असावा तर लागतो ना! शाबासकी तिच्या वाट्याला कधी आलीच नाही. "ही घुमी सगळं मनातच ठेवते," एवढंच.

ठिणगीची घरी जायची तारीख ठरली. ताईंनी तिला पोटाशी धरलं आणि घुमीला ते बघवेना. शिवणवर्गातली कात्री तिनं गुपचूप ठिणगीच्या गादीखाली सरकवली.

झडतीत कात्री सापडली. घरी जाणं रद्द झालं. ठिणगी ओरडली नाही, नुसती श्वास मोजत रडत राहिली. ताईंनी घुमीच्या खांद्यावर हात ठेवला. "तू तरी असं करू नकोस गं."

ज्या हातासाठी ती जळत होती, तोच आता तिला सोसवेना.

"ताई, कात्री मी ठेवली."

"अगं, का? एवढा कसला राग तिचा?"

"राग नाही हो! तेव्हाही नव्हता. पोरं म्हणाली, दाराशी उभी राहा, तू आपली आहेस. मला आधी कुणी आपली म्हटलंच नव्हतं. तुम्ही तिला म्हणता."

झडतीला आलेल्या अधीक्षकबाई कडाडल्या, "दोघी एकाच माळेचे मणी! कोंडा दोघींना, आणि तो तास दुप्पट करा."

"नाही बाई. ठिणगी ठरल्या दिवशी घरी जाईल. आणि हिला तो तास बंद. एकीचं औषध मी दुसरीला पाजत बसले." ताई घुमीजवळ खाली बसल्या. "त्या रखवालदाराच्या घरी कोण होतं, माहीत आहे तुला?"

"मुलगी. माझ्याएवढी. कोर्टात बाबा, बाबा करून रडत होती." घुमीनं मान खाली घातली. "मला तिचासुद्धा हेवा वाटला, ताई. रडावं असा बाप तरी होता तिला."

वाचकहो, ताईंच्या जागी तुम्ही काय बोलला असता?