एका वेळी एकच रुमाल

साहेबांच्या मुलीचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि म्हाताऱ्याने त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं. ‘बाबांच्या जुन्या कागदांवर हुद्दा “दफ्तरदार” असा आहे. त्याचा नेमका अर्थ काय, शब्द आला कुठून? तुम्ही त्यांच्या हाताखाली होता, शिवाय वाचणारे. बाबा सत्त्याऐंशीचे झालेत. विचारलं की म्हणतात, ज्याने कागद हरवला, तो.’

अर्थ त्याने पहिल्याच दिवशी काढला होता. सहा मसुदे झाले होते. दफ्तर हा शब्द फारसीतून आला; फार मागे गेलं तर त्याचा अर्थ कमावलेलं कातडं, कारण लोक लिहीत कातड्यावर. दार म्हणजे बाळगणारा, राखणारा. इथवर पेन सुरळीत चाले. मग अडे.

“अहो, एका शब्दाला वर्ष?” बायको म्हणाली. “शब्दकोश काढताय की काय?”

“नेमकं हवं ना.”

“मग माणूस आहे तोवर पाठवा.”

त्याने सहावा मसुदा घडी करून बाजूला ठेवला.

दफ्तरखान्यात साहेबांचा एकच दंडक होता: एका वेळी एकच रुमाल सोडायचा. कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला तिथे रुमाल म्हणत. एकदा घाईत त्याने दोन सोडले आणि कुणाच्या तरी घराच्या हक्काचा कागद शेजारच्या रुमालात बांधला गेला. चुकीच्या रुमालातला कागद म्हणजे विहिरीत पडलेली सुई. त्याचा ठपका ठेवून साहेबांना घरी बसवलं. दोन वर्षांनी तो कागद ह्याच्याच हाती लागला. त्याने तो गुपचूप जागेवर ठेवला आणि आजवर ब्र काढला नाही.

दुपारी त्याने सातवा कागद घेतला. अर्थ लिहिला, थांबला आणि खाली लिहिलं, ‘तुमच्या बाबांनी दफ्तर राखलं. कागद मी हरवला. हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.’

बायकोने पत्र वाचलं. ते घडी करून तळहातावर तोललं. मग म्हणाली, “तिकीट जास्त लावा. जड झालंय.”

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी तो थांबला. साहेब असतील ना? असले, तर काय म्हणतील? त्याने पत्ता पुन्हा वाचला, तिसऱ्यांदाही वाचला. पत्र आत सोडलं आणि कुठे अडकलं तर नाही ना, म्हणून फटीतून वाकून पाहिलं.