शाळेतली बाई

आमच्या शाळेनं नव्वदी साजरी केली ती ट्रस्टचे अध्यक्ष देवेंद्रभाई यांच्या कृपेनं. चार लोक शंभरीची वाट बघतात. पण ट्रस्टच्या मीटिंगमध्ये देवेंद्रभाई सरळ मला म्हणाले, "लताबेन, शंभर होईपर्यंत तमारूं मराठी मीडियम रहेशे?" जसं काही मीच मुलं पळवून लावली होती. तेव्हा, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, मराठीचा एकच वर्ग उरला होता, आणि त्यातली पोरंसुद्धा मधल्या सुट्टीत गुजरातीतच भांडायची. तेव्हा आहे तोवर उरकून घ्या, असा तो समारंभ.

शाळा लहरीपुऱ्यात, दुकानांच्या मागे. संस्थानच्या काळात मुलींसाठी काढलेली. मी तिथं इतिहास शिकवून रिटायर झाले, पण सुटले नाही. शाळेत काही जुनं निघालं की मला बोलावणं येतं. देवेंद्रभाईंनी अलकापुरीतल्या कुणा हुशार मुलाकडून शाळेचा इतिहास इंग्रजीत लिहून घेतला होता आणि तो 'जरा नजर टाका' म्हणून माझ्याकडे पाठवला.

ऑफिसात एक फोटो टांगलेला आहे. शाळेचा पहिलावहिला. खुर्च्यांवर दोन बायका बसल्यात, पायाशी मुली, आणि एका बाजूला नऊवारीतली एक तरणी बाई उभी आहे. खाली नावं आहेत, त्यात शेवटी, 'उभ्या : कौशल्याबाई.' या हुशार मुलानं लिहिलं होतं, सुरुवातीला शाळेत दोन शिक्षिका आणि एक नोकराणी होती.

माझं डोकंच सणकलं. अरे, नोकराणी कुठून काढलीस? तर 'बाई' या शब्दातून! गुजरातीत शिकवते ती बेन, आणि बाई म्हणजे भांडी घासणारी. आता मला आख्खा जन्म पोरी 'बाई, बाई' करत आल्या, त्या काय माझ्याकडून फरशी पुसून घेत होत्या? आमच्यात बाई म्हणजे शिक्षिका. आणि ती उभी का, तर खुर्च्या कमी पडल्या असतील. इतकं साधं आहे.

मी देवेंद्रभाईंकडे निघणार, तेवढ्यात प्रतापसिंहराव दारात. कौशल्याबाईंचे नातू. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, आता रिटायर. उंच, ताठ माणूस. यांचे पणजे-खापरपणजे संस्थानच्या फौजेत होते, ते अजून यांच्या चालण्यात दिसतं. पण त्या दिवशी चेहरा पडलेला होता. पुस्तिकेची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"बाई, आमच्या आजीला नोकराणी लिहिलंय म्हणे."

"लिहिलं असेल. मी आहे ना!"

"तुम्हाला कळत नाहीये," ते म्हणाले. "हे नुसतं नावाचं नाही. घरात प्रकरण पेटलंय."

मग त्यांनी सांगितलं. मुलगा विक्रमसिंह नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात होता, तो कारखाना बंद पडला. सून शलाका. तिला एका नव्या इंग्लिश शाळेत बाई म्हणून घ्यायला तयार आहेत. पण घरात शब्द चालतो तो थोरल्या चुलतभावाचा, मानसिंगरावांचा. दोन्ही भावांचं बिऱ्हाड एकाच छताखाली. आणि मानसिंगरावांचं म्हणणं, आपल्यातल्या बायका कधी घराची पायरी उतरल्या नाहीत, नोकरी कसली करतेस?

"मी म्हटलं, दादा, आजी उतरली होती की! आजी शाळेत बाई होती. तर म्हणाले, ठीक आहे. शाळेच्या पाटीवर आजीचं नाव शिक्षिका म्हणून लागू दे. मग सून जाऊ दे शाळेत, माझी ना नाही. म्हणजे बघा, आजीवर अडलंय सगळं."

समारंभाच्या दिवशी दारात संगमरवरी पाटी बसायची होती, शाळा उभी करणाऱ्यांच्या नावांची. ती हीच.

"सून काय शिकवणार? विषय कुठला?" मी सहज विचारलं.

"लहान मुलं आहेत," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतायला लागले.

देवेंद्रभाईंशी मी जे भांडले ते ऑफिसातल्या कारकुनांना अजून आठवत असेल. बेन आणि बाई यातला फरक मी त्यांना फळ्यावर लिहून दाखवायचा तेवढा बाकी ठेवला. माणूस वाईट नाही. निम्मं ऐकूनच त्यांनी हात जोडले. "तमे कहो ते खरूं, लताबेन. शिक्षिका लिहू. आणखी काही?" मी म्हटलं, आणखी काही नाही. जिन्यावरून उतरताना मला फार छान वाटत होतं, हे कशाला लपवू?

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण इतिहासाची खोड वाईट. नुसतं नाव काय लावायचं, म्हटलं, दोन ओळी माहितीच्या मिळाल्या तर पुस्तिकेत घालू. शाळेची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी हयात होती. कृष्णाआत्या. त्यांचे वडील संस्थानात मोठे अंमलदार होते. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांना कमी दिसायचं, पण जीभ माझ्याहून तिखट. कारेलीबागेत नातवाच्या फ्लॅटमध्ये असायच्या.

"कौशल्याबाई कशा शिकवायच्या हो, आत्या?" मी विचारलं.

"शिकवायची? ती?" आत्या हसल्या. "अगं, तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. अंगठा करायची ती."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"ती आम्हाला न्यायला यायची," आत्या सांगायला लागल्या. "कायदा होता ना तेव्हा, मुलींनाही शिकवलंच पाहिजे म्हणून. पण लोक दंड भरायचे आणि पोरी घरात ठेवायचे. वर्गात शिकवणाऱ्या दोन आणि शिकणाऱ्या तीन. मग सरकारनं हिला ठेवलं. शिलेदाराच्या घरातली, विधवा, विशी-बाविशीची. दारात येऊन उभी राहायची. आमचे वडील ओरडले, कोण आहे? तर म्हणाली, मुलगी मागायला आलेय. वडील चिडले, म्हणाले, हिचं लग्न ठरायचंय अजून. ही म्हणते, लग्नाला नाही, शाळेला मागतेय. आणि हलेचना. रोज यायची, रोज मागायची. शेवटी आईच म्हणाली, न्या बाई, पण चार लोकांत पोर दिसता कामा नये."

"मग?"

"मग तिनं एक पासोडी आणली, जाड लांबलचक पांघरूण. एक टोक स्वतः धरलं, दुसरं आमच्यातल्या मोठ्या मुलीला दिलं, आणि मधे आम्ही. पासोडीच्या आडोशानं भर बाजारातून शाळेत जायचो. आम्हाला जमीन तेवढी दिसायची, आणि तिचे पाय. शाळा भरली ती तिच्यामुळं. आत सोडलं की उंबऱ्यावर बसायची, सुटली की परत घराघरात पोचवायची. आम्ही तिला बाई म्हणायचो आणि शिकवणाऱ्यांना मोठ्या बाई."

मी चांगली तोंडावर आपटले होते. अलकापुरीतल्या पोराचं बरोबर होतं. जन्मभर मराठी बोलते आणि माझ्या ध्यानात आलं नाही की आपल्यातही 'आज आमची बाई आली नाही' म्हणताना कुणी शिक्षिकेबद्दल बोलत नसतं! शब्द एकच, आणि मी त्यातला मला शोभेल तो अर्थ उचलला. पण त्याहून जास्त राग मला स्वतःचा कशाचा आला सांगू? ती नोकर होती हे कळल्यावर क्षणभर मला वाईट वाटलं होतं. काय म्हणून वाटावं?

मी रिक्षा करून थेट प्रतापसिंहरावांकडे गेले. पाटी खोदायला जायच्या आधी त्यांना एकट्यात गाठून सांगावं म्हणून. पण नशीब! दार उघडलं तर पलंगावर मानसिंगराव बसलेले, पांढऱ्या मिशा, पायावर पाय. प्रतापसिंहराव खुर्चीत. आतल्या दाराशी पदर घेतलेली तरुण मुलगी उभी होती, ती शलाका; तिनं मला पाण्याचा पेला आणून दिला.

"या बाई," मानसिंगराव म्हणाले. "प्रताप सांगत होता, तुम्ही भांडून काम केलंत. आजीचं नाव लागतंय ना शिक्षिका म्हणून?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण इतिहासाच्या बाबतीत मला जमत नाही, घशात अडकतं. मी म्हटलं, "नाव लागलंच पाहिजे. पण त्या शिकवत नव्हत्या." आणि कृष्णाआत्यांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. दारात उभं राहणं, मुलगी मागणं, पासोडी.

मग मानसिंगराव म्हणाले, "म्हणजे नोकराणी. दारोदार फिरणारी. संपलं मग." आणि शलाकाकडे न बघता, "सूनबाई, त्या शाळेला कळवून टाका, येत नाही म्हणून."

प्रतापसिंहराव माझ्याकडे असे बघत होते की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "बाई, नाव काढून टाका तिचं," ते म्हणाले. "असं लागण्यापेक्षा नाही लागलं तर बरं."

"मामंजी," शलाका पुढे आली. "नाव नका काढू."

"तू आत जा."

"जाते. पण नाव काढलंत तर मी कुणाच्या नावावर बाहेर पडू?" ती मानसिंगरावांकडे वळली. "थोरले मामंजी, मीपण शिकवणार नाहीये. मला बी.एड. कुठं आहे? बारावी नापास आहे मी. आया म्हणून घेतायत मला, शाळेच्या बसमध्ये. मुलांना घरून घ्यायचं, हात धरून बसमध्ये चढवायचं, परत सोडायचं. मामंजींनी तुम्हाला बाई सांगितलं, तेही काही खोटं नाही."

विषय कुठला, असं मी विचारलं होतं आणि ते चहा ओतायला लागले होते ते का, हे मला आत्ता कळलं. त्या माणसानं आजीच्या शब्दाआड सून लपवली होती. मला त्यांची कीव आली आणि चीडही आली, दोन्ही.

मानसिंगराव लाल झाले. "प्रताप! तुला हे माहीत होतं?"

प्रतापसिंहरावांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हा माणूस नाही म्हणणार, आणि पोरीचं कायमचं आत. मग ते उठले. भावासमोर उभं राहून कधी बोलले असतील असं त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं.

"माहीत होतं, दादा. शिक्षिका म्हटलं तर तुम्ही हो म्हणाल, म्हणून बोललो नाही. लाज वाटली." मग भावाकडे सरळ बघत ते म्हणाले, "आजोबा गेले तेव्हा तुमचे वडील रांगत होते आणि माझे पोटात होते. फौजेतल्या कुणी बघितलं का त्यांच्याकडं? त्या दोघांना तिनं जेवू घातलं. पोरींना शाळेत पोचवून ती जे आणायची, त्यावर आपलं घराणं उभं आहे. ती पायरी उतरली नसती तर तुम्ही-आम्ही कुठं असतो? तिला नोकराणी म्हणायचं तर म्हणा. पण माझ्यासमोर 'संपलं' म्हणू नका."

मानसिंगरावांनी काठी घेतली आणि पलीकडच्या खोलीत निघून गेले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत, आणि त्या घरात नाही न म्हणणं पुरेसं होतं, हे शलाकाच्या चेहऱ्यावरून मला समजलं.

"लिहून घ्या, बाई," प्रतापसिंहराव मला म्हणाले. "शिक्षिका नको. 'कौशल्याबाई. यांनी घराघरातून मुली मागून शाळेत आणल्या.' एवढंच."

देवेंद्रभाईंनी पुन्हा हात जोडले आणि तसंच खोदून घेतलं. पण ते पुढच्या आठवड्यात. त्या संध्याकाळी मी निघाले, तर प्रतापसिंहराव सुनेला विचारत होते, "उद्यापासूनच जायचं ना? बस कुठं येते?"

"कोपऱ्यावर, मामंजी."

"मी येतो कोपऱ्यापर्यंत. एकटी कशी जाशील?"

शलाकानं माझ्या हातातला पेला घेतला. डोळे अजून ओले होते, पण हसली.

"कशाला, मामंजी? मला पोचवायला कुणी नको. पोचवायचं काम माझं आहे."

आणि ती पेला विसळायला आत गेली.