नदीवरचा पाळणा

संध्याकाळच्या बसने लेकीला घेऊनच परतायचं, हे आईने घर सोडतानाच ठरवलं होतं. खांद्याला ती मोठी रिकामी बॅग अडकवली होती ती काय उगाच? पोरीचे कपडे, पुस्तकं, पांघरूण सगळं त्यात कोंबायचं आणि या आडगावच्या कॉलेजला रामराम ठोकायचा. लेकीला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं.

सुरुवातीला टिंगी रोज संध्याकाळी फोनवर रडायची. "इथे काहीच नाही गं आई. एक रस्ता आहे, तोही कॉलेजपाशी संपतो." पुढे रडणं थांबलं, फोनही कमी झाले, तेव्हा तर आईला जास्तच घोर लागला. आपल्या शहरातल्या कॉलेजात अजून जागा आहे, आणू या तिला, म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली. टिंगीचा बाप लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर उंच इमारतींच्या पोटात काम करणारा अबोल माणूस. "बघून येऊ," एवढंच म्हणाला. म्हणजे हो की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि स्टँडवर उतरून बघतात तर काय, रडूबाई चक्क उड्या मारत होती! केस पिंजारलेले, नाकाचा शेंडा उन्हाने रापलेला.

"आई, बूट घातलेस ना? शाब्बास! बाबा, चला लवकर, खूप बघायचंय!"

"आधी तुझी खोली बघू," आई म्हणाली. "सामान किती आहे ते तरी कळू दे."

"खोली काय पळून जातेय? चार भिंती आहेत आणि मैत्रीण घोरते. झाली बघून. पाहुणे येतात, कॉलेजच्या मनोऱ्यासमोर फोटो काढतात आणि जातात. खरी गंमत सगळी मागे आहे."

मागे होती दगडाची जुनी खाण. काम कधीच बंद पडलेलं आणि तळाशी हिरवंगार पाणी साठलेलं. टिंगीने कडेला उभं राहून "बाबा!" अशी हाक मारली, तर समोरच्या कड्याने तीच हाक परत पाठवली, मग बाजूच्यानेही. घरी चहा हवा तरी खुणेने मागणाऱ्या बापाने इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि अशी काही आरोळी ठोकली की झाडावरचे पक्षी उडाले. आईला हसू फुटलं, पण तिने ते गिळलं. आता हसलो तर अर्धी लढाई इथेच हरलो, हे ती ओळखून होती.

तिथून पुढे रेल्वेचं स्टेशन. गाड्या बंद झाल्या, रूळही उचलून नेले, पण तिकिटांची खिडकी चालू होती. तिथे आता पुस्तकं मिळत.

"कुठे जायचंय?" आतल्या बाईंनी आईला विचारलं.

"घरी," आई फटकन म्हणाली.

"घरी जायला पुस्तक कशाला? लांबचं काहीतरी सांगा."

बाईंनी तिच्या हातात समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक ठेवलं. फलाटाच्या बाकावर बसून आईने त्यात डोकं घातलं ते टिंगीने दंड धरून उठवेपर्यंत. स्वतःचाच राग आला तिला. असं गुंतून कसं चालेल?

"आता शेवटचं आणि सगळ्यात भारी!" टिंगी पुढे पळत सुटली.

नदी आली. दोन्ही काठांवर लोखंडी खांब, मध्ये जाड तार आणि तारेला लटकलेला जाळीचा पाळणा. पुराचं पाणी मोजायला कॉलेजने कधीकाळी बसवलेला. मोजणीचं काम करणारे आजोबा दर रविवारी त्यातून लोकांना पलीकडे नेत. आत बसायचं आणि वरचा दोर हाताने ओढत जायचं.

आईने तार पाहिली, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि मनातल्या मनात टाळी वाजवली. पोरीने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता! दुसऱ्याने सांभाळलेल्या तारेवर हा माणूस कधी भरवसा ठेवत नसे. एका नातलगाकडे सगळे मजले जिन्याने चढला होता, का, तर लिफ्टच्या मशीनची खोली कुलूपबंद होती म्हणून.

"यात बसतेस तू?" बापाचा आवाज खाली गेला.

"दर रविवारी!"

तो खांबाखालच्या चौथऱ्यावर चढला आणि खिशातून रुमाल काढला. आईने हे हजारदा पाहिलं होतं. तार झिजली की आधी एखादा बारीक तंतू तुटून वर येतो. डोळ्याला दिसत नाही, पण कापड फिरवलं की अडकतो.

"रुमाल नको बाबा, नवा आहे, खराब होईल." टिंगीने पाठपिशवीतून ग्रीसने काळीकुट्ट झालेली सुती चिंधी काढली. "ही घ्या. सकाळी मी फिरवलीय."

"आणि मधला भाग?"

"आजोबा आधी एकटे जाऊन येतात, कापड धरून."

"डोकं खाल्लं हिने माझं," आजोबा म्हणाले. "पहिल्या दिवशी सगळे बसले, ही काठावरच. म्हटलं, घाबरतेस काय? तर म्हणे, घाबरत नाही, बघितल्याशिवाय बसत नाही. तेव्हापासून कापड फिरवतोय. मागे एकदा कापड अडकलं, तर कॉलेजने तार बदलेपर्यंत हिने इथे कुणाला फिरकू दिलं नाही. मलासुद्धा!"

बाप पाठ फिरवून पुन्हा तार तपासू लागला. कापड फिरवलं, कप्प्या हलवून पाहिल्या, बोल्ट चाचपले. फार वेळ लावला त्याने. आपल्याला कुठलं उत्तर हवंय हेच आईला कळेना. जिला सांभाळायला म्हणून ती धावत आली होती, ती पोरगी इथे साऱ्या गावाला सांभाळत होती. केवढी मोठी झाली ही, आणि आपल्याला पत्ताच नाही! तिला इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले.

"तार चांगली आहे," बाप वळून म्हणाला. त्याचेही डोळे काही कोरडे नव्हते. तो पाळण्यात जाऊन बसला. "येतेस ना गं?"

आई बसली, मागोमाग टिंगीनेही आत शिरून दोर ओढायला घेतला. काठ सुटला, खालून पाणी धावू लागलं, वारा कानात शिरला आणि ती जी किंचाळली ती नदी संपेपर्यंत. मधोमध टिंगीने दोर ओढणं थांबवून बोट दाखवलं. लांबवर कॉलेजचा मनोरा अंगठ्याएवढा दिसत होता.

"थांबलीस का? ओढ ना!" आई ओरडली. पलीकडे पोचताच मात्र उतरायला तयार होईना. "आणखी एकदा!"

आणखी एकदाचं बऱ्याच वेळा झालं. शेवटच्या बसला तिघं धावतच स्टँडवर पोचली. चढताना आईने खांद्यावरची बॅग काढून टिंगीच्या हातात दिली. टिंगीने चेन उघडून आत पाहिलं.

"आई, ही तर रिकामी आहे. एवढी मोठी बॅग कशाला आणलीस?"

"तुझ्या चिंध्या ठेवायला," आई म्हणाली आणि बसमध्ये चढली.