धूर निम्मा केला तरी

२००७च्या उन्हाळ्यात सपनाने जाम गावच्या ग्रामपंचायतीत कॉलेजचा कॉम्प्युटर आणून मांडला. समुद्रपूरच्या कॉलेजात ती भूगोल शिकवायची. हवामान बदलावर भाषण दिलं की लोक जांभया देतात, हे तिला अनुभवाने कळलं होतं. म्हणून यंदा लोकांनीच चालवायचा प्रोग्राम आणला होता. पडद्यावरची पट्टी सरकवली की जगाचा धूर कमी-जास्त व्हायचा अन् शेजारी पुढच्या शंभर वर्षांच्या तापमानाची रेघ उमटायची.

कोणी पुढे येईना. शेवटी शेजारच्या गावाहून भाजी विकायला आलेली मनकर्णाबाई पदराला हात पुसत बसली. तिने धूर निम्म्यावर आणला. रेघ तरी वरच चालली.

"मॅडम, तुमची मशीन खोटी हाय! धूर आधा केला, तरी गरमी वाढूनच राह्यली."

"मंग कमी करून फायदा काय?" कापड दुकानदार रूपरावजी मागून म्हणाले.

सपना खूश झाली. पहिल्यांदाच कोणी प्रश्न विचारला होता. ती सांगणार, तोच लाईन गेली. लोडशेडिंग! लोक उठू लागले.

"मले समजल्याबिगर मी जात नाई," मनकर्णाबाई म्हणाली.

सपनाने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात गुरांसाठी सिमेंटचं टाकं होतं. वर नळ, तळाशी बारीक तोटी.

"चला बाहेर! टाकं म्हणजे हवा. नळ म्हणजे आपला धूर. अन् तोटी म्हणजे झाडं, समुद्र. ते थोडा धूर ओढून घेतात. चालवा तुम्हीच."

मनकर्णाबाईने तोटी जराशी उघडून तिच्याखाली बादली लावली अन् नळ पूर्ण सोडला. पाणी चढलं. मग नळ निम्मा केला. सगळे टाक्यावर वाकले. पाणी हळू, पण चढतच होतं.

रूपरावजींना राहवेना. त्यांनी नळ पिळत पिळत बारीक धारेवर आणला. पाणी चढायचं थांबलं.

"अस्सं!" ते म्हणाले. "जाते त्याच्याहून जास्त आलं, तं टाकं भरतच राहीन. आधा करून भागत नाई!"

"अन् तोटी मोठी केली तं? झाडं लावली तं?" मनकर्णाबाईने तोटी पूर्ण फिरवून नळ पुन्हा सोडला. पाणी जरा रेंगाळलं अन् चढलंच. "दोन्ही करा लागते म्हणा की!"

मग ज्याला त्याला नळ फिरवून पाहायचा होता. रांग लागली, ढकलाढकली झाली, दोन धोतरं भिजली. गुरांनीही पोटभर पाणी पिऊन घेतलं.

सपना सामान आवरू लागली तशी मनकर्णाबाई जवळ आली.

"मॅडम, बुधवारी आमच्या गावाले येजा. बायका जमवतो मी. पण समजावून मीच सांगीन, तुम्ही फक्त बसजा."

सपना हसली. बुधवारी ती खरंच गेली, अन् नुसती बसली.