ढगाला भोंगा नसतो

माझ्या माळावरच्या शेतात कंपनीने लोखंडी धुराडं उभं केलं. फोन आला की मी त्यात मिठाच्या नळकांड्या पेटवायच्या. धूर ढगात शिरून पाऊस पडतो म्हणे. मग वहीत वेळ लिहून सही करायची. साठीत अक्षर शिकले, म्हणून हे काम मला मिळालं.

गुरुवारी साडेतीनला दोन पेटवल्या. ढग काळा झाला, पण आमच्यावर चार थेंब टाकून हट्टा गावाकडे सरकला. तिथे माझी लेक पुनम ओढ्याकाठच्या मळ्यात राहते. सिद्धेश्वर धरणाचं दार उघडायच्या आधी भोंगा होतो, लोक गुरं सोडून वर जातात. या ढगाआधी कुणीच भोंगा वाजवला नव्हता. मी फोन लावत राहिले. लागला नाही.

शुक्रवारी सकाळी तिचाच आला. रात्री ओढ्याचं पाणी मळ्यात शिरलं, लेकराला घेऊन ती शाळेत थांबली होती. सासरे जळबा म्हैस सोडायला गेले ते परतले नव्हते.

दुपारी कंपनीचे विजयकुमार आले. "आजी, ढग तिकडं जाणारच होता. आपला काही संबंध नाही."

"आन् आमच्याकडं पडला असता तर?"

ते वहीतलं गुरुवारचं पान मागू लागले. मी वही पदराखाली धरली.

शनिवारी पुन्हा कंपनीचा फोन आला, "पेटवा." बांधावर अर्धं गाव जमलं. शेजारचा तातेराव ओरडला, "मिराकाकू, सोयाबीन माना टाकून राहिलं! काडीपेटी काय लोणच्यात घातली का?"

"हट्ट्याला इचारलं का कुणी?"

"पावसाला काय शीव असती व्हय?"

"न्हाई ना! म्हणूनच भेव वाटून राहिलं."

मी पुनमला फोन लावला. "पोरी, लेकराला घेऊन वर जा. इथं पेटव म्हणून राहिले."

ती मग म्हणाली, "आई, गुरवारी तूच पेटवलं होतं का?"

वही मांडीवर उघडी होती. माझंच अक्षर.

"व्हय."

फोन बंद झाला.

मी काडीपेटी पाण्याच्या घागरीत टाकली. तातेराव शिव्या देत पुढे आला आणि मध्येच थांबला. गार वारा सुटला होता. सगळे वर बघत होते. मी धुराड्याला हात लावला, थंडगार. तरी ढग भरला होता आणि हट्ट्याकडेच निघाला होता.

मी परत फोन लावला. लागेना.