शाब्बास म्हणू नका

आमच्या कुत्र्याचं नाव बोक्या. ठेवलं बाबांनी, कारण सरळ बोललं तर त्यांना अन्न पचत नाही. दार उघडलं की हा बोक्या जिन्यावरून सुसाट सुटायचा. वरच्या मजल्यावरचे आजोबा एकदा पडता पडता वाचले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला गाठलं. "रविवारी येऊन बघते. हाकेला आला नाही, तर कुत्रा तरी बाहेर, नाहीतर तुम्ही तरी!"

लागले शिकवायला. महागाची बिस्किटं आणली, त्यानं हुंगून तोंड फिरवलं. चीजही देऊन पाहिलं. शेवटी उकडलेलं चिकन, त्यावर मात्र स्वारी फिदा. "बोक्या, ये!" म्हटलं की धावत यायचा. मी तुकडा पुढे करून "शाब्बास!" म्हणायचे, आणि हा गाढव शेपूट घालून पलंगाखाली! पुढच्या हाकेला तर यायचाच नाही. माझं डोकंच फिरलं. इतके लाड माझे कुणी केले नव्हते.

शनिवारी सकाळी त्याच्या शेपटीनं बाबांचा कप पाडला.

"शाब्बास!" बाबा गरजले. "शाब्बास रे वाघा! आता बशीपण फोड!"

बोक्या पलंगाखाली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, आणि पाठोपाठ तिडीक उठली. जन्मभर कारखान्यात फोरमनकी केली यांनी, कुणाचं काही बिघडलं की शाब्बास. घरातही तेच. दूध उतू गेलं, शाब्बास. माझं लग्न मोडलं तेव्हाही, "शाब्बास, नाव काढलंस घराण्याचं!"

"बाबा, त्याला ती शिवी वाटते!"

"बोलायची पद्धत असते एकेकाची. कुत्र्याला काय कळतंय?"

"त्याला कळतंय आणि मलाही कळतंय! एकदा तरी खरं शाब्बास म्हणालात का हो मला? पहिली आले तर म्हणे, वर्गात दुसरं कुणी नव्हतं का!"

बाबांनी पेपरात तोंड खुपसलं. मी धाडकन दार लावलं आणि बोक्याला नवा शब्द शिकवायला घेतला. झकास. हा शब्द बाबांच्या तोंडून कधी निघाला नव्हता, म्हणून अजून नासला नव्हता. झकास म्हणायचं, लगेच तुकडा. दुपारपर्यंत तो शब्द ऐकूनच शेपूट हलवायला लागला.

रविवारी बाई आल्या. दार उघडताच बोक्या सुटला. खालून आजोबा काठी टेकत चढत होते.

"बोक्या, ये!"

तो वळणावर थबकला, फिरला, उड्या मारत वर आला.

"झकास!" मी तुकडा दिला.

"राहू दे मग," म्हणत बाई निघून गेल्या.

बाबा मागेच उभे होते. त्यांनी माझ्या वाटीतला तुकडा उचलला. "झकास रे," घोगऱ्या आवाजात म्हणाले. बोक्यानं बराच वेळ हात हुंगला, मग खाल्लं. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला काय म्हणू गं?"

"शोधा!" मी ओरडले, आणि मला रडूच फुटलं.