निळीची हजामत

पानं पिवळी पडायला लागली की कात्रीकाकांचे हात शिवशिवायला लागत. उभा जन्म सलूनमध्ये गेलेला, त्यामुळे वाढलेलं काही दिसलं की त्यांना चैन पडत नसे, मग ते गिऱ्हाइकाच्या कानावर आलेले केस असोत की कुंपणाबाहेर डोकावणारा वेल. सलून सोडलं तेव्हा गिऱ्हाइकं संपली, राहिली ती घरामागची बाग. बिचारी बाग पळून जाऊ शकत नव्हती. दर पानगळीला काका मोठी कात्री घेऊन उतरत आणि गुलाब, डाळिंब, मेंदीचं कुंपण अशी सगळ्यांची एकजात हजामत करून टाकत. बाजूनं बारीक, वर जरा ठेवून. काम झालं की बाग अशी दिसे, जणू सगळी झाडं उद्या लग्नाला निघाली आहेत.

यंदा मात्र घोडं अडलं. ऐन मोसमात काका नासपतीच्या झाडाखाली स्टुलावरून पडले आणि उजवा खांदा दुखावून बसले. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि थंडी पडेपर्यंत कात्रीचं नावही काढायचं नाही असा दम भरला.

मग काकांनी बागेत खुर्ची टाकली आणि उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. काकू भोपळे काढायला लागल्या की देठ लांब ठेव म्हणून सांगायचं. सूनबाई लसणाच्या पाकळ्या लावायला बसली की टोक वरच्या बाजूला आहे ना, हे पुन्हा पुन्हा विचारायचं. काकू वैतागून म्हणाल्या, की डॉक्टरांनी हाताबरोबर जीभही बांधली असती तर फार उपकार झाले असते.

पण बोलून बोलून माणूस किती बोलणार? चार दिवसांनी काका गप्प झाले आणि नुसते बघायला लागले. शेवंतीच्या एकेका फुलावर मधमाशी किती वेळ रेंगाळते ते त्यांनी पाहिलं. वाळलेल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळतात आणि उन्हं कलली की भोपळ्याची साल तांब्यासारखी चमकते, हे त्यांना या वयात कळलं. पान गळताना सरळ खाली येत नाही, दोन-तीनदा विचार बदलतं, याची तर त्यांना भारीच गंमत वाटली. इतकी वर्षं बागेत राबलो, पण बाग कधी पाहिलीच नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले. दुखऱ्या खांद्याचे त्यांनी जवळजवळ आभार मानले.

कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाला लागून, निळी होती. या झुडपाचं खरं नाव घरात कुणालाच धड उच्चारता येत नसे, म्हणून सगळे निळी म्हणत. नाव निळी असलं तरी निळं काही आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सूनबाईच्या माहेरी भिंतभर अशी झुडपं होती आणि वसंतात त्यांना ओंजळीएवढे निळे गुच्छ लागत. तिची आई गेली, घर विकलं गेलं, तेव्हा सूनबाईनं एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, सगळा प्रवास मांडीवर धरून इथे आणली. फांदी जगली. पानं तळहाताएवढी झाली. फूल मात्र एकाही वर्षी आलं नाही.

सूनबाई पहाटे बेकरीत जाई आणि दुपारी अंगाला पावाचा वास घेऊन परते. कामाला वाघीण, पण बोलायला काटकसरी. एवढी वर्षं झाली तरी फ्रीज उघडण्याआधी ती विचारायची. काकांचा तिच्यावर फार जीव होता, पण तो दाखवायची त्यांची रीत एकच, ती म्हणजे तिच्या वाफ्यात लुडबुड करणं.

त्या दिवशी चहा पिताना ती सहज म्हणाली, की रविवारी निळी उपटून टाकते, तिथे घेवडा लावता येईल. काकू म्हणाल्या, अगं, राहू दे की आणखी एक वर्ष.

‘नको,’ सूनबाई म्हणाली. ‘तिला इथली माती मानवली नाही. होतं असं. परकं अंगण सगळ्यांनाच आपलं वाटतं असं नाही.’

आणि ती कप विसळायला उठली. ती झुडपाबद्दल बोलत होती, पण एकट्या झुडपाबद्दल नाही, एवढं काकांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी काका डाव्या हातानं पाचोळा गोळा करत होते. पिंप आणि भिंत यांच्यामध्ये बराच साचला होता. कसाबसा हात आत घातला तर बोटांना काहीतरी कागदासारखं लागलं. ओढून पाहिलं तर येईना. काकांनी चष्मा सावरला, मान वाकडी केली आणि आत डोकावून पाहिलं. निळीची एक फांदी पिंपामागून वर गेली होती आणि तिच्या टोकाला वाळलेल्या फुलांचा एक अख्खा गुच्छ होता. करडा पडलेला, पण एका पाकळीच्या कडेला निळा रंग अजून तग धरून होता.

म्हणजे निळी फुलली होती. याच मातीत, याच वर्षी, कुणाला दिसणार नाही अशा जागी. मग पुढच्या फांद्यांना काय धाड भरली होती? काकांनी एकेक फांदी निरखली. यंदा कात्री लागली नसल्यानं सगळ्या ऐसपैस वाढल्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला शेंगदाण्याएवढी टपोरी कळी बसली होती. पिंपामागे कात्री कधी पोचली नव्हती. बाकी सगळीकडे पोचली होती. दर पानगळीला, बाजूनं बारीक, वर जरा ठेवून.

काकांचं धाबं दणाणलं. ज्यांच्या हातून कधी कुणाच्या कानाला चरा गेला नव्हता, त्यांनी घरातल्याच पोरीच्या आईची आठवण वर्षानुवर्षं छाटून कचऱ्यात टाकली होती. हे आता सांगायचं कोणत्या तोंडानं?

न सांगता भागेल का, हे त्यांनी आधी पाहिलं. घेवड्याला ती जागा सावलीची आहे, असं ते जेवताना म्हणाले. सूनबाई म्हणाली, सकाळचं ऊन पुरेल. कुदळीचा दांडा सैल झालाय, असं म्हणाले. सूनबाई म्हणाली, पाचर मारून घेते. शेवटी रविवारी सकाळी कुदळच सापडेना. सगळी बाग पालथी घातल्यावर ती काकूंना सापडली, काकांच्या पलंगाखाली.

‘कुदळीला झोप आली होती का?’ काकूंनी विचारलं. मग त्यांनी दार ओढून घेतलं आणि खरं काय ते विचारलं. काकांनी सांगितलं. काकू ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘आयुष्यभर लोकांना मान खाली घाला म्हणालात. आता एकदा आपली घाला.’

काका बागेत आले. सूनबाई बाह्या सरसावून निळीपाशी उभी होती. त्यांनी तिला पिंपामागे वाकून बघायला सांगितलं. ती वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

‘हिचं फूल जुन्या फांदीच्या टोकाला येतं, पोरी,’ काका म्हणाले. ‘आणि टोकं मी कापत होतो. दर वर्षी. नीटनेटकी दिसावी म्हणून.’

तिनं पुढच्या एका फांदीवरची कळी बोटांत धरून पाहिली, मग दुसरीवरची. काका मान खाली घालून उभे होते. एवढा वेळ मान खाली घातली की ती दुखते, हेही त्यांना आज कळलं.

‘मला वाटायचं, आईचं माझ्याकडे काही टिकतच नाही,’ ती म्हणाली. ‘म्हणजे माती चांगली आहे.’

‘माती उत्तम आहे.’

‘न्हावीच वाईट होता.’

दारात उभ्या असलेल्या काकूंना हसू आवरेना. मग सूनबाईही हसायला लागली, डोळे पुसत पुसत. साऱ्या धंद्यात हे वाक्य काकांना कुणी ऐकवलं नव्हतं आणि ऐकून इतका जीव भांड्यात पडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसतं. कुदळ जागेवर गेली. घेवडा नासपतीपलीकडे लागला.

थंडी पडली, डॉक्टरांनी हात मोकळा केला. काकांनी पहिल्याच दिवशी गुलाब कापले, डाळिंब कापलं, कुंपण सरळ केलं. निळीसमोर आले आणि थबकले. ती चांगलीच अस्ताव्यस्त झाली होती. एक फांदी तर अशी वाकडी आली होती, की काकांची बोटं आपोआप हवेत कचकच करायला लागली. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि ते घरात गेले.

सूनबाई दुपारी परतली तेव्हा निळीच्या अंगावर सलूनमधलं पांढरंशुभ्र कापड होतं. कडाक्याच्या थंडीनं कळ्या जळू नयेत म्हणून काकांनी ते चारी बाजूंनी नीट पांघरलं होतं आणि मागे गाठ मारली होती, गिऱ्हाइकाला मारायचे तशीच, आत एक बोट जाईल इतकी सैल. ती पिशवी हातात घेऊन तशीच बघत राहिली.

‘बाबा, हे गिऱ्हाईक किती वेळ बसणार?’

‘फुलेपर्यंत,’ खुर्चीतून काका म्हणाले. ‘आपल्याला कसली घाई?’

ती हसून आत गेली. स्वयंपाकघरातून फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. काका कान देऊन बसले होते. तिनं कुणालाच विचारलं नव्हतं.